कोरळच्या खाडीतल्या काठ्या

कोरळ बंदराच्या खाडीत समुद्राकडून शिरताना डाव्या हाताला पाण्यात काठ्यांची एक लांब रांग दिसते. पुरुषभर उंचीच्या साध्याच काठ्या. प्रत्येकीच्या टोकाला घुंगरांचा झुबका बांधलेला. लाट आली की रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजत जाते. नवख्या माणसाला वाटते, मासेमारीची काही तजवीज असेल. कडेश्वराला पायी जाणारे मात्र बंदरात पोचले की आधी या रांगेला हात जोडतात आणि मग पलीकडच्या कड्यावरच्या देवळाला.

यात्रेकरू होडीची वाट पाहत असतात, तेव्हा धक्क्यावर सुकी मासळी विकणारी हिरबाय नाखवा त्यांना या काठ्यांची हकीकत सांगते. "पाय सोडून बसा. होडी काय तुमच्यासाठी पळत येत नाही," असे म्हणून ती सुरुवात करते.

धक्का बांधला नव्हता तेव्हाची ही गोष्ट असे सांगतात. घाटावरची माणसे त्या काळीही महाशिवरात्रीला कडेश्वराला चालत येत. रानातले साप-जनावर बाजूला व्हावे म्हणून त्यांच्या काठ्यांना घुंगरू असत. नेम कडक होता. घरच्या देवासमोर हातात घेतलेली काठी वाटेत कुठे सोडायची नाही. ती कडेश्वराच्या पायरीला टेकली, तरच यात्रा देवाला पोचली.

एका साली बहिरू नावाचा मेंढपाळ या लोकांचा म्होरक्या होता. त्याच्या मुलाची नजर अधू होत चालली होती. त्यासाठी बहिरूने बारा वर्षांच्या यात्रेचा नवस बोलला होता आणि ते त्याचे शेवटचे वर्ष होते. मंडळी पहाटे बंदरात उतरली तेव्हा पलीकडे नेणारे कोणीच नव्हते. बंदरातले सगळे मचवे मासेमारीला गेलेले आणि खाडीवर दाट धुके.

किनाऱ्यावर बायका आणि म्हातारी माणसे गोळा झाली होती. आदल्या पावसाळ्यात खाडीला मोठा पूर आला होता. मुखावरचा वाळूचा दांडा त्याने सरकवला आणि खोल पाण्याची खूण दाखवणारे जुने खुंट वाहून नेले. उजेडात नाखवे पाण्याच्या रंगावरून वाट काढत. धुक्यात रंग कुठून दिसणार? बाहेरून मचव्यांचे शंख ऐकू येत होते. वारा पडलेला, त्यामुळे शिडे निकामी, नांगर वाळूत धरत नव्हता आणि भरतीचा ओढा मचव्यांना आत खेचत होता. दांड्यावर चढला तो मचवा फुटणार, हे किनाऱ्यावरचे पोरही जाणत होते.

रायबाय नावाच्या कोळिणीचा नवरा आणि दीर त्या मचव्यांवर होते. ती रोज ओहोटीला त्या दांड्यावर वाळू उकरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायची. वाळू आता कुठे संपते आणि खोल पाणी कुठे सुरू होते, ते तिच्या पायांना ठाऊक होते. तिने घुंगरांचा आवाज ऐकला आणि ती थेट बहिरूसमोर येऊन उभी राहिली.

"दादा, तुमची माणसं माझ्या मागनं पाण्यात घाला."

"बाई, आमाला पवाया येत न्हाई."

"पवायला कोण सांगतंय? मेंढरांना हाकता तसं उभं राहून वाजवायचं!"

बहिरू हसला म्हणे, आणि पाण्यात उतरला. त्याच्यामागे सारी मंडळी. रायबायने दांड्याच्या कडेने एकेकाला हात धरून उभे केले. बायका आणि म्हातारेही रांगेत शिरले. घुंगरू वाजू लागले. रायबाय सगळ्यांच्या पुढे, समुद्राच्या तोंडाशी उभी राहून ओरडत होती, "घुंगरू डाव्या हाताला ठेवा! डाव्या हाताला!"

पण मचवे अजून लांब होते आणि पाणी चढत होते. ते कमरेचे छातीला आले. घाटावरची माणसे लाटेसरशी डगमगू लागली. आता मागे फिरणे भागच होते.

"तुम्ही जावा," रायबाय म्हणाली. "काठ्या तेवढ्या राहू द्या. लाट वाजवील त्यांना."

सगळे बहिरूकडे पाहू लागले. काठी सोडली की यात्रा मोडली. बाकीच्यांचे एक वर्ष जाणार होते, त्याची बारा. त्याने काठी दोन्ही हातांनी धरली, वाळूत खोल दाबली, हलवून पाहिली आणि आणखी दाबली. मग एकेक करून सगळ्यांनी काठ्या रोवल्या. माणसे आणि सगळ्यांत शेवटी रायबाय किनाऱ्याला लागली, तरी मागे पाण्यात घुंगरू वाजतच राहिले. त्या आवाजाच्या कडेकडेने एकामागून एक मचवे आत आले. एकही वाळूला लागला नाही.

धुके विरल्यावर रायबायच्या नवऱ्याने मंडळींना आपल्या मचव्यातून पलीकडे उतरवले. मंडळी वर देवळात गेली, तर गुरव दारात आडवा.

"काठी कुठाय?"

"पाण्यात हाय," बहिरू म्हणाला.

"मग यात्रा पण पाण्यात गेली तुझी. फिर मागे."

रायबाय ओल्या लुगड्यानिशी त्यांच्यामागून चढून आली होती. ती म्हणाली, "गुरवदादा, काठी देवाच्याच दारात उभी आहे. तुम्हाला वरच हवी असेल, तर आत्ता उपटून आणते. पुढच्या धुक्यात मात्र मचवे तुम्ही आणा हो आत!"

तेवढ्यात खालून, थेट खाडीतून, घुंगरांचा आवाज कड्यापर्यंत चढून आला. गुरवाने तो बराच वेळ ऐकला म्हणे. मग तो दारातून बाजूला झाला आणि त्याने बहिरूला हाताला धरून आत नेले.

बहिरूच्या मुलाचे डोळे बरे झाले का, असे कोणीतरी विचारतेच. हिरबाय मासळीवरची माशी वारते. "ते घाटावर जाऊन विचारा. तिथले लोक हो म्हणतात. आमची माणसं घरी आली, एवढं आम्ही छातीठोक सांगतो."

आजही कडेश्वराचे यात्रेकरू आपली काठी कोरळच्या नाखव्यांच्या हाती देतात आणि रिकाम्या हातांनी कडा चढतात. पावसाळ्यानंतर दांडा सरकला की नाखवे रांग नव्याने रोवतात, पण वाळूची कड कुठे आहे ते तिसऱ्या काढणाऱ्या बायका दाखवतात. आणि एखादा नवखा यात्रेकरू काठी घेऊनच देवळाच्या दारात पोचला, तर गुरव त्याला आत घेत नाही. "अजून पोचला नाहीस तू," असे म्हणून खाली बंदराकडे बोट दाखवतो.