नीलसर तळ्याचे वाटेकरी

एका राज्यात नीलसर नावाचे तळे होते. राजा भद्रसेनाने मांत्रिकाकरवी त्याचे पाणी बांधून घेतले आणि सारे राजबागेकडे वळवले. त्याच दिवशी तळे काळे पडले. पाण्यात पाय घालील तो दगड होऊ लागला. कोळ्यांचे तरणेताठे पुरुष जागच्या जागी पाषाण झाले. राजा पाहायला उतरला, तोही गुडघ्यापर्यंत दगड झाला. मांत्रिक पळाला. राजाच्या अंगात दगड वर चढतच होता.

राजकन्या कुवलया काठावर धावली. तिथली टिटवी मनुष्यवाणीने बोलली, "तिघा वाटेकऱ्यांची संमती आण. बंधन सुटेल."

"तिघे कोण?"

"कोळी, कुणबी आणि तळाशी राहते ती."

कोळ्यांची म्हातारी जिवाई म्हणाली, "मासळी अंडी घालील तेव्हा पाणी उपसायचं नाही."

कुणब्यांचा शेलोजी उसळला, "तेच आमच्या पेरणीचे दिवस! आम्ही काय खायचं?"

दोघे भांडत राहिले. दगड राजाच्या छातीशी आला. कुवलयेने हात जोडले. जिवाईने पाण्यात उभ्या असलेल्या आपल्या दगडी लेकाकडे पाहिले. "तेवढे दिवस बांधाच्या वरच्या मोरीनं पाणी घ्या," ती म्हणाली, "खालची उघडू नका, अंडी वाहून जातील."

"चालेल," शेलोजी पुटपुटला.

मग कुवलया पाण्यात शिरली. तिचे घोटे थंड पडले, जड झाले. समोर पाणी फुगले आणि सुसरीने जबडा वासला.

"तुझ्या बापाने मला विचारले नव्हते."

"मी विचारते, माते. तुझा वाटा कोणता?"

"तळचा डोह. दुष्काळातही त्याला हात लावायचा नाही. वचन राजाचे हवे. तोवर तुझा हात माझ्या दाढेत."

कुवलयेने हात आत ठेवला. दात मनगटावर टेकले. दगड राजाच्या गळ्याशी पोहोचला होता. राजाने एकदा हिरव्यागार बागेकडे पाहिले.

"बाग वाळू दे," राजा घोगऱ्या स्वराने म्हणाला. "डोह तुझा."

जबडा उघडला. पाणी निवळले. पाषाणांची माणसे झाली आणि आपापल्या घरच्यांना बिलगली.

पुढे दरवर्षी पाण्याची वाटणी काठावर बसूनच ठरे. कोळी बसत, कुणबी बसत, राजा शेवटी बसे. पाण्याकडची जागा मोकळी ठेवत. तिथे बसायला कुणी धजावत नसे.