चिमूटभर राख

नावेत विस्तव न्यायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही.

पणजीच्या पणजीलाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, उत्तरेच्या गोठलेल्या किनाऱ्यावर एक गाव होतं आणि त्या गावाचा हा नियम होता. गाव सोडून समुद्रावर जायची वेळ आली की माणूस आपल्या हाताने चूल विझवी, राखेवर पाणी शिंपडी आणि गारठलेल्या हातांनी नावेत चढे. विस्तव जमिनीचा, समुद्राला तो खपत नाही, असं म्हातारे सांगत.

त्या गावात एक मुलगी होती. मागच्या हिवाळ्यात तिचा बाप आणखी बारा जणांबरोबर दक्षिणेच्या किनाऱ्याकडे निघाला होता. तिकडे म्हणे बर्फ पडत नाही. थंडी सरता सरता वाऱ्याने त्यांची नाव परत आणली. सगळे आपापल्या जागी गोठून बसले होते. पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. बापाने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते.

"कुणीतरी चोरून विस्तव नेला असणार," गावातला थोरला म्हातारा म्हणाला. "समुद्र कोपला." बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

मुलगी तेव्हा काही बोलली नाही.

यंदा हिवाळा लवकर आला. मासे खोल गेले, कणग्या खरवडून झाल्या. खाडी गोठायच्या आत आणखी एक नाव निघणार होती. वाट वीस दिवसांची. मुलीला आणि तिच्या धाकट्या बहिणीला त्या नावेत जागा मिळाली. धाकटी सहा वर्षांची, आणि खोकला तिची पाठ सोडत नव्हता.

निघायच्या सकाळी म्हातारे घरोघरी चुली विझल्या का ते पाहत फिरले. मुलीच्या दारात थांबले. चूल पेटलेलीच होती. तिने जाड मडक्यात राख भरली होती आणि चिमट्याने एकेक निखारा ती त्यात पुरत होती.

"हे काय चाललंय, पोरी?" थोरल्याने विचारलं.

"दिसतंय तेच. नावेत नेतेय."

"नियम ठाऊक नाही?"

"तोंडपाठ आहे, आजोबा. समुद्राला विस्तव का खपत नाही, तेवढं कुणी सांगितलं नाही."

"आमच्या बापजाद्यांनीही कधी विचारलं नाही," मागचा एक म्हातारा करवादला.

"म्हणून तर त्यांतले अर्धे समुद्रावरून मरून आले आणि त्या टेकडीवर पुरलेत."

थोरल्याचा आवाज चढला. "जिभेला हाड नाही तुझ्या. चोरून नेलेल्या एका निखाऱ्यापायी तेरा माणसं गेली. तुझा बाप गेला. माझा मुलगा गेला."

मुलीने चिमटा खाली ठेवला.

"प्रेतं उतरवल्यावर मी त्या नावेत गेले होते. फळीन् फळी हाताने चाचपली. जळल्याचा डाग नव्हता, चिमूटभर राख नव्हती. नव्या घरी चूल पेटवायला नेलेली लाकडाची मोळी मात्र तशीच होती. कोरडी. तिची दोरीसुद्धा सुटली नव्हती. कुणी काही चोरलं नव्हतं, आजोबा. तुमचा नियम त्यांनी मरेपर्यंत पाळला."

तिने चिमटा पुन्हा उचलला आणि शेवटचा निखारा राखेत पुरला.

"विचारायचं नाही, म्हणून मी वर्षभर गप्प बसले. त्याची लाज मला जन्मभर पुरेल. पण धाकटीला मी तसं बसलेलं बघणार नाही. मी चूल विझवणार नाही. हे मडकं माझ्याबरोबर येणार."

थोरला म्हातारा आपल्या तळहातांकडे बघत राहिला. त्याच्या मुलाची चूल त्याने स्वतः उभं राहून विझवून घेतली होती. धाकटीला पुन्हा खोकला आला. मुलीने एका काखेत मडकं घेतलं, दुसऱ्या हाताने बहिणीला धरलं आणि ती किनाऱ्याकडे चालू लागली. तिला कुणी अडवलं नाही.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्या नियमाला 'का' विचारता येत नाही, तो पाळणाऱ्यांचाच जीव घेतो.