बारकीची शेपटी

श्रावस्तीतल्या कुमुदेला एका काळजीने झोप येईना. तिची मुलगी पिंगी चांगली मोठी झाली, तरी आईचा पदर सोडून मुलांत खेळायला जात नव्हती. कुमुदा आचार्यांची लेक. मुलं कशी वाढवावीत यावर कोणी काय म्हटलं आहे, ते तिला तोंडपाठ होतं. त्यातलं पिंगीला काही लागू पडत नव्हतं, एवढंच. "बाकीच्या बायका सहज आया होतात. मी बहुधा अभ्यास करून झाले," असं ती नवऱ्याला म्हणायची. शेवटी दोघं पिंगीला घेऊन विहारात गेली. कुमुदेचं म्हणणं ऐकून तिथले गुरू, शास्ते, हसले आणि त्यांनी ही जुनी गोष्ट सांगितली.

पूर्वी वाराणसीत एक राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तिथून दूर, हिमालयाच्या पायथ्याशी, हत्तींच्या कळपाचे नायक होते. त्या कळपात धवला नावाची तरुण हत्तीण होती. तिचं बालपण एका आश्रमाच्या कुंपणापाशी गेलं. तिथले पाठ तिच्या कानांवर पडले, आणि कान काही लहान नव्हते. त्यामुळे तिला पुष्कळ ठाऊक होतं आणि जवळजवळ सगळ्याची भीती वाटत होती. तिची लेक बारकी, सगळी पिल्लं धरतात तशी, आईची शेपटी सोंडेत धरून चालायची. पण नदी आली की शेपटी सोडून मागच्या मागे पळायची.

त्या वर्षी अलीकडच्या काठावरचं गवत संपलं. पलीकडे हिरवागार बांबू डोलत होता. कळप पाण्यात उतरला, बारकी काठावरच.

"इथे दगड निसटता आहे हं," धवला समजावत होती. "तिथे गाळ आहे. पाण्याला ओढ आहे, पण घाबरायचं नाही हं बाळ, मुळीच नाही!"

बारकी आणखीच घाबरली.

"नायक, निघू या," एक तरुण हत्ती कुरकुरला. "दुसरा कळप आला तर बांबूची काडी उरायची नाही. मायलेकी येतील मागून."

"मागून वाघही येतो," बोधिसत्त्व म्हणाले, आणि भुकेल्या पोटी काठावर परत आले.

धवलेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आजोबा, माझ्यापायी सगळे उपाशी. मला शिकवताच येत नाही हो."

"मग शिकवू नकोस, पोरी. खेळ तिच्याशी."

"आत्ता? काय खेळू?"

"तिलाच विचार."

हे कुठल्याच पाठात नव्हतं. धवलेने विचारलं. बारकीचं उत्तर तयार होतं: "मी आई, तू बारकी. धर माझी शेपटी!"

शेपटी ती केवढीशी! धवला गुडघ्यांवर वाकली आणि सोंडेच्या टोकाने तिने ती धरली. बारकी मोठ्या दिमाखात निघाली.

"इथे दगड निसटता आहे हं," हुबेहूब आईच्या सुरात ती बजावू लागली. "तिथे गाळ आहे. रडायचं नाही हं बाळ!"

पाणी तिच्या पोटाला लागलं. पुढे व्हावं, वाट दाखवावी, असं धवलेला फार वाटलं. पण तिने शेपटी सोडली नाही आणि मागे ओढलीही नाही. वरच्या अंगाला बोधिसत्त्व आडवे उभे राहून पाण्याची ओढ अंगावर घेत होते, ते मायलेकींच्या गावीही नव्हतं. मधोमध बारकीचे पाय सुटले. ती बुडाली नाही, तरंगली, आणि सोंड उंच करून ओरडली, "भिऊ नको गं, मी आहे ना!"

धवला इतकी हसली की तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. पलीकडे पाय टेकल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण भ्यायचं विसरूनच गेलो.

गोष्ट संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा कुरकुरा हत्ती म्हणजे आज दाराशी ताटकळत बसलेला तुझा नवरा. धवला तू, बारकी ही पिंगी, आणि नायक मीच होतो. मुलाला पुढे घालून आपण हसत मागे चालावं, याला श्रद्धा म्हणतात."

कुमुदेने एक शंका विचारायला तोंड उघडलं. बाहेर मुलांचा गलका चालला होता. पिंगीने आईचा पदर सोडला, पाठ फिरवली आणि आपल्या ओढणीचं टोक मागे धरलं.

"धर ना, आई," ती म्हणाली. "आपण मुलांत जाऊ. घाबरायचं नाही हं बाळ."