चुंबकाची रवानगी

मोटारींचा पत्रा जाड असायचा त्या काळातली एक गाडी अच्युतराव केळुसकरांच्या अंगणातल्या शेडमध्ये दुरुस्तीला उभी होती. तिच्या मडगार्डची गंजून चाळण झाली होती.

हातोडी म्हणाली, "कुजलेला पत्रा कापून नवा जोडावा लागेल. वेळ लागेल."

"मी आहे ना!" पुट्टी म्हणाली आणि दुपारभरात तिने सगळी भोकं बुजवली. वर रंग चढला. मडगार्ड झळकू लागलं.

शेडच्या रिवाजाप्रमाणे शेवटी चुंबकाला बोलावलं. पत्रा शाबूत असला की तो चिकटायचा. तो मडगार्डला टेकला आणि खाली पडला. पुन्हा टेकवला, पुन्हा पडला.

"इथे पत्राच नाही," तो म्हणाला.

"तुझ्यातलाच दम संपलाय," मडगार्ड म्हणालं.

"वय झालं बिचाऱ्याचं," पुट्टी हळहळली. अच्युतरावांनाही ते पटलं. त्यांनी चुंबकाला घरात नेलं आणि गाडीचा नवा फोटो लोखंडी कपाटावर लावायला दिला.

पहिल्याच फेरीत गाडी खड्ड्यात आदळली आणि मडगार्ड ढेकळं होऊन रस्त्यावर पडलं.

फोटोतलं मडगार्ड मात्र अजून जागेवर आहे. ते चुंबकाने धरून ठेवलंय.