डोमाजी सरळ गेला

नागपूरजवळच्या एका गावात डोमाजी नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. तीच त्याची अडचण होती.

पुण्याला त्याच्या भाचीचं लग्न ठरलं. बहिणीचा फोन आला. "दादा, विमानाचं तिकीट काढलंय. गाडीनं रात्र जाते, विमानानं सव्वा तास. नक्की ये. मामाशिवाय मुलीला मांडवात कोण आणणार?"

लग्नाच्या दिवशी विमान सकाळी अकराला पुण्यात उतरणार होतं. सव्वा तास लागतो, म्हणजे पावणेदहाला निघायचं. डोमाजी बरोबर पावणेदहाला घराला कुलूप लावून निघाला. विमानही बरोबर पावणेदहाला निघालं.

विमानतळावरच्या बाई म्हणाल्या, "काका, दोन तास आधी यायचं असतं."

"हो बाप्पा, चुकलंच." डोमाजीनं ते डोक्यात पक्कं बसवलं.

बाईंना दया आली. त्यांनी त्याला दुपारच्या विमानात जागा दिली. विमान धावपट्टीकडे वळलं तसा डोमाजी पिशवी घेऊन दारापाशी जाऊन उभा राहिला.

हवाईसुंदरी धावत आली. "काका, कुठे निघालात?"

"पुण्याला उतरायचंय. सव्वा तासावर आलं. मी दारापाशी दोन तास आधी यायला पाहिजे होतं, उशीरच झाला."

"बसा आधी! वरचा दिवा विझेपर्यंत उठायचं नाही."

डोमाजीनं तेही पक्कं बसवलं.

पुण्यात विमानातून उतरल्यावर सगळ्यांना एका बसमध्ये बसवलं. बस इमारतीपाशी थांबली. सगळे उतरले, डोमाजी बसून. छताला दिवा होता.

"उतरा की!" ड्रायव्हर म्हणाला.

"दिवा जळतोय ना, भाऊ."

ड्रायव्हरनं समजावलं, हात जोडले, आणि शेवटी दिवा बंद केला. डोमाजी लगेच उतरला.

तेवढ्यात बहिणीचा फोन. "दादा, मुहूर्त जवळ आला! कार्यालय जवळच आहे. पाण्याची मोठी टाकी दिसते का? तिच्या पायथ्याशी. आता इकडेतिकडे वळू नको. सरळ मांडवात ये, मुलीचा हात धर आणि बोहल्याशी आण."

डोमाजीनं टाकीवर नजर लावली आणि सरळ निघाला. रस्ता वळला, डोमाजी वळला नाही. एका बागेतून गेला. एका घरात पुढच्या दारानं शिरला, जेवणाऱ्यांना "बसा, बसा" म्हणाला आणि मागच्या दारानं बाहेर पडला. पुढे मांडव लागला. आत सगळे ओरडत होते, "मामा कुठे गेले? मामांना बोलवा!"

"आलो, आलो!" म्हणत डोमाजीनं नवरीचा हात धरला. भाची ओळखू येत नव्हती. पण एवढ्या नटण्यात कोण ओळखू येतं?

बोहल्याशी पोचणार, तोच फोन वाजला. बहीण रडकुंडीला आली होती. "दादा, आम्ही सगळे टाकीखाली खोळंबलोय! सरळ इथं ये!"

डोमाजीनं वर पाहिलं. टाकी अजून थोडी पुढे होती. बोहला ओलांडून, नवरीचा हात धरून तो मांडवाबाहेर पडला.

"मामा, हा कोणता विधी?" मान खाली घातलेल्या नवरीनं धापा टाकत विचारलं.

"सरळ जायचा," डोमाजी म्हणाला.

टाकीखालच्या मांडवात बहीण आपल्या लेकीला घेऊन उभी होती. समोर नवरदेव, हातात हार. डोमाजी घामाघूम होऊन आत शिरला आणि दुसरी नवरी त्याच्यापुढे उभी केली.

"इंदे, घे बाई! आणली वेळेत," तो बहिणीला म्हणाला.

बहीण मटकन खाली बसली. मागून दुसरा नवरदेव, त्याचे भटजी, दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी आणि अख्खा बँड पळत येत होता. कुंपण तोडून, सरळ.