महाराजांचा काढा

"दहा वर्षं माझा बा तुमचा हुक्का पेटवतोय, महाराज! पहिले झुरके त्यानं ओढायचे, निखारा फुलला की मग तुम्ही. आता खोकून खोकून पार खंगलाय. वैद्य म्हणतात, धूर सुटला नाही तर दिवाळी बघायचा नाही. त्याला दुसरं काम द्या!"

येसू भर दरबारात बोलत होती आणि दळपतराजा गुडगुड करत ऐकत होता.

"अगं, मीही ओढतो की! मला कुठं काय धाड भरलीय? हुक्का ही ज्याची त्याची मर्जी."

"तुमची मर्जी, महाराज. माझ्या बाची कुणी विचारली?"

राजा मोठा हट्टी. म्हणाला, "बरं! उद्या माझ्याच तोंडून वदव की हे विष आहे. वदवलंस तर बाप मोकळा. नाहीतर मरेपर्यंत त्यानंच पेटवायचा!"

येसू घरी आली. तिचा बा रखमाजी खोकत खोकत राजाचा हुक्का धूत होता. बुडातलं पाणी तो मोरीत ओतणार, तोच तिनं हात धरला.

"थांब बा! मला हवंय ते."

दुसऱ्या दिवशी येसू चांदीची वाटी घेऊन हजर. "महाराज, तुमच्यासाठी काढा!"

आता रिवाज असा, की हुजऱ्या गोंदाजीनं चाखल्याशिवाय राजाच्या तोंडात काही जायचं नाही. गोंदाजीनं बोट बुडवून जिभेला लावलं मात्र, "थू थू! मेलो, मेलो!"

राजानं वाटी हुंगली आणि ताडकन उठला. "अरे, हे तर विष! कुणी केलं हे?"

"तुम्हीच, महाराज! बानं विहिरीचं स्वच्छ पाणी भरलं होतं. बाकी सगळा तुमच्या हुक्क्याचा धूर! पाण्यात अडकलं ते एवढं, मग न अडकलेलं कुठं गेलं हो?"

राजाचा हात नकळत छातीवर गेला. मग तो असा हसला, की मुंडासं सुटलं. "फसवलंस गं बये! रखमाजीला आमराईची राखण द्या, पोरीला सोन्याच्या पाटल्या! पण काय गं, आता माझा हुक्का पेटवायचा कुणी?"

"ज्याची मर्जी असेल त्यानं, महाराज!"

राजानं दरबाराकडे पाहिलं. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. गोंदाजी तर खांबाआड गडप! राजाला पुन्हा हसू फुटलं आणि हसता हसता असा ठसका लागला, की पाणी येसूनंच आणून दिलं. विहिरीचं!