कावळ्याला दिलेला शब्द

दादा गेल्यापासून उमाजीचा पाय एका जागी ठरत नव्हता. रविवारपर्यंत दादाच्या कंपनीची खोली सोडायची होती आणि दादाच्या कुत्र्यासकट, बंड्यासकट, त्याला कोणी थारा देईना. आठ घरमालकांनी वाटेला लावल्यावर तो मिरजेतल्या तळवलकर सरांच्या अंगणात येऊन उभा राहिला. भाडं परवडणारं होतं, कुंपणही भक्कम होतं. पण सर निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

"तू राहा. कुत्रं सोडून ये," सर म्हणाले.

"नाही जमायचं, सर. दादाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. बंड्याला सांभाळीन असं बोललो, तेव्हा शिवला."

"किती शिकलास?"

"सातवी."

"तरीच. अरे, कावळ्याला भूक लागली, म्हणून शिवला. एवढ्यासाठी माणूस बांधला जात नाही."

उमाजी जायला वळला आणि तसाच पुन्हा मागे फिरला. "तुमच्या वडिलांच्या वेळी लगेच शिवला होता?"

सर ताठ झाले. "तासभर थांबलो. शेवटी म्हटलं, आबा, हे घर विकणार नाही. तेव्हा शिवला. आज बिल्डर दारात खेटे घालतात, पण मी दिलेला शब्द मोडलेला नाही."

"मग असं करू," उमाजी म्हणाला. "तुम्ही घर विका, मी कुत्रं सोडतो."

सर आत जाऊन किल्ली घेऊन आले.

"अंगणातल्या कावळ्यांवर भुंकायचं नाही," ते म्हणाले, "एवढं त्याला बजावून ठेव."